गीताबाईचा गोठा

जगन्नाथ मोहिते अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला येऊन अकरा दिवस झाले होते आणि अकरा दिवसांत त्यांच्या हाताला शेण लागलं नव्हतं. जन्मापासून असं कधी झालं नव्हतं. लेकाचं घर चांगलं होतं, सून मायेची होती, पण पहाटे साडेचारला डोळा उघडायचा तो उघडायचाच. मग ते अंधारात सोफ्यावर बसून राहायचे. कुणाची झोप मोडू नये म्हणून खोकलासुद्धा उशीत दाबायचे.

बाराव्या दिवशी वारा फिरला आणि मागच्या खिडकीतून वास आला. शेणाचा, ओल्या वैरणीचा, आंबूस दुधाचा. जगन्नाथ उठले, लेकाचे, शैलेंद्रचे, बूट पायात सरकवले आणि वासाच्या मागं चालू लागले. सारख्या चेहऱ्याची घरं संपली तिथं लाकडी कुंपण होतं, आणि कुंपणापलीकडं मका, लसूणघास, एक लाल रंग उडालेला मोठा गोठा आणि सोळा काळ्या-पांढऱ्या गाई.

एक गाय पुढचा उजवा पाय टेकत नव्हती. जगन्नाथांनी इकडंतिकडं बघितलं आणि कुंपण ओलांडलं. गाईच्या खांद्याला खांदा लावून तिचा भार पलीकडं ढकलला, पाय उचलून गुडघ्यावर घेतला. खुराच्या बेचक्यात खडा रुतून बसला होता. खिशातल्या अडकित्त्याच्या टोकानं ते तो काढत होते तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं.

गोठ्याच्या दारात एक उंच म्हातारी उभी होती. पायात रबरी बूट, डोक्याला रुमाल, हातात शेण ओढायचं दाताळं. जगन्नाथांनी खडा तळहातावर ठेवून तिच्यापुढं धरला. तिनं खडा बघितला, गाय बघितली. गाय पाय टेकून लसूणघासाकडं चालायला लागली होती. म्हातारीनं दाताळं भिंतीला लावलं, छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "ग्रीत."

"गीता व्हय?" जगन्नाथांना हायसं वाटलं. "मी जगन्नाथ."

ती ग्रीत डायक्स्ट्रा. हॉलंडच्या उत्तरेकडची, एक्कावन्न साली नवऱ्याबरोबर इकडं आलेली. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगा ॲरिझोनात होता. वय शहात्तर. हाताची बोटं संधिवातानं जुन्या वेलासारखी पिळवटलेली. ही सगळी माहिती नंतर कांचननं, जगन्नाथांच्या सुनेनं, काढली. जगन्नाथांना मात्र त्या दिवसापासून ती गीताबाईच झाली.

मग ते रोज जाऊ लागले. गव्हाणी झाडायच्या, वासरांना पाजायचं, शेण ओढून उकिरड्यावर टाकायचं. दूध काढायला यंत्र होतं, तिथं ते फक्त उभे राहायचे. ते मराठीत बोलायचे, ती तिच्या भाषेत, आणि दोघांच्या मधे गाय असल्यामुळं काही अडायचं नाही. कांचनही त्यांच्याबरोबर येऊ लागली. एम. कॉम. झालेली पोरगी, पण नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नाही, म्हणून दीड वर्ष घरात बसून होती. सुरुवातीला ती रुमाल नाकाला लावून दारात उभी राहायची. पंधरा दिवसांत रुमाल गेला.

शैलेंद्रला हे आवडत नव्हतं. तो गाडीचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता आणि त्या वर्षी ऑफिसात दर महिन्याला कुणाची ना कुणाची खुर्ची रिकामी होत होती.

"आबा, तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात. कुणी कम्प्लेंट केली तर प्रॉब्लेम होईल."

"मी काय पगार घेतोय?"

"पगाराचा प्रश्न नाही. लोक बघतात. बूट बाहेर काढा आधी. कार्पेटला वास लागतो."

जगन्नाथांनी बूट बाहेर काढले. दुसऱ्या दिवसापासून ते गॅरेजमध्ये कपडे बदलून, हातपाय धुऊन घरात येऊ लागले. तरी शैलेंद्र आला की एकदा नाक ओढायचाच.

जुलैच्या शेवटी पाऊस गेला तो गेलाच. मक्याची पानं दुपारी सुरळीसारखी वळायला लागली. उन्हानं उकिरडा तापला की वास थेट कॉलनीत यायचा. एका शनिवारी कांचन टपाल बघत होती. कॉलनीच्या कमिटीचं पत्र होतं, सोबत एक अर्ज जोडलेला. गोठ्यामुळं रहिवाशांच्या आरोग्याला आणि घरांच्या किमतीला धोका आहे, सबब तो बंद करावा. खाली एक्केचाळीस सह्या. पहिली सही ब्रायनची, तीन घरं सोडून राहणाऱ्या. सतरावी शैलेंद्रची.

जेवताना तिनं तो कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"ब्रायन दारात आला होता," शैलेंद्र म्हणाला. "सगळ्यांनी केली होती. मी एकटा नाही कसं म्हणणार? आपण इथं नवीन, यार."

"काय कागद हाय?" जगन्नाथांनी विचारलं.

कांचननं सांगितलं. जगन्नाथांचा हात भाकरीवर थांबला. 

"तुझ्या शिक्षणाची फी कशातनं गेली रं?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "गोठ्याची आन् आपल्या सैपाकघराची भिंत एक होती. तू जेवताना म्हस मुतल्याली ऐकू यायची. तवा तुला वास न्हाई आला."

"आबा, ते गाव होतं."

"व्हय. ते गाव होतं."

त्यांनी भाकरी संपवली, कारण ताटात टाकायची सवय नव्हती. पण दुसऱ्या दिवसापासून ते गोठ्याकडं गेले नाहीत. पोरानं असा कागद लिहून दिल्यावर त्या बाईपुढं तोंड घेऊन कसं जायचं? बारा दिवस ते खिडकीशी बसून राहिले. गीताबाई रोज सकाळी कुंपणाशी येऊन थोडी थांबायची, कपाळावर हात धरून घरांच्या रांगेकडं बघायची आणि परत फिरायची. जगन्नाथ पडद्याआड व्हायचे.

चौदा ऑगस्टला, गुरुवारी, दुपारी चारच्या सुमाराला वीज गेली. पंखा गपकन थांबला, फ्रिज थांबला. कांचनला वाटलं आपल्याच घरची गेली. मग रस्त्यावर लोक बाहेर आले. गाडीतल्या रेडिओवर ऐकून कुणी सांगितलं की डेट्रॉइट, क्लीव्हलंड, न्यू यॉर्क, सगळीकडचीच गेली आहे. तासाभरात नळाची धार बारीक झाली आणि मग नळ नुसता फुसफुसायला लागला.

पाचनंतर गाई ओरडायला लागल्या.

जगन्नाथ एकदम ताठ झाले. कॉलनीतल्या लोकांना ते नुसतं हंबरणं वाटलं असेल. पण कास भरून सड ताठले की गाय ज्या आवाजात ओरडते तो आवाज निराळा असतो, त्यात रडणं असतं. आधी एक, मग चार, मग सगळ्या.

"कांचन, चल."

"आबा, शैलेंद्र अजून आला नाही, फोन पण लागत नाहीये—"

"त्यो येईल. पाय हायत त्याला. गाईला पाय असून उपेग न्हाई, दावणीला बांधल्याली हाय ती."

गोठ्यात ग्रीत एका गाईशेजारी बादली उलटी घालून तिच्यावर बसली होती. तिची बोटं सडाभोवती मिटतच नव्हती. ती दोन तळहातांमध्ये सड धरून ओढायचा प्रयत्न करत होती, गाय लाथा झाडत होती, आणि दुसऱ्या बादलीचा तळ दुधानं जेमतेम ओला दिसत होता. जनरेटर दुरुस्तीला गेलेला, गडी सुट्टी घेऊन वर उत्तरेला मासे धरायला गेलेला.  जगन्नाथांना बघून तिनं नुसतं उठून जागा दिली. बारा दिवस का आला नाहीस, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. पण तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

जगन्नाथांनी बंडी काढली. कास ओल्या फडक्यानं पुसली, बोटांना लोणी चोळलं, कपाळ गाईच्या कुशीला टेकलं. गाय यंत्राला सोकावलेली, तिनं पहिल्याच धारेला लाथ घातली. बादली गेली, जगन्नाथ पाठीवर शेणात गेले. कांचननं तोंडावर हात धरला. ते उठले, पुन्हा बसले, आणि गाईच्या कुशीत तोंड घालून गुणगुणायला लागले. शब्द नव्हते, नुसता सूर. गाईची कातडी थरथरायची थांबली. थोड्या वेळानं तिनं पान्हा सोडला आणि बादलीत धार वाजायला लागली, आधी टणटण, मग दूध चढेल तशी भरीव.

ग्रीत खांबाला टेकून ऐकत होती. तिचे डोळे भरले होते. "हा आवाज मी पन्नास वर्षांत ऐकला नाही," ती कांचनला इंग्रजीत म्हणाली.

तीन गाई झाल्यावर जगन्नाथांची मनगटं भरून आली. अजून तेरा होत्या. मग ग्रीतनं कांचनचा हात धरून तिला एका म्हाताऱ्या, गरीब गाईखाली बसवलं. "मी शिकवते. अंगठा आत नाही घ्यायचा. वरचं बोट आधी मिटायचं, मग दुसरं, मग तिसरं. ओढायचं नाही, दाबायचं. मी याआधी एकाच मुलीला शिकवलंय. ती आठ वर्षांची होती. तिला तीन दिवसांत यायलाच हवं होतं."

"तीन दिवसांत का?" कांचननं विचारलं.

आणि दावणीत उभ्या उभ्या, गाईच्या पाठीवर हात ठेवून, ग्रीतनं ते सांगितलं. कांचन धार काढता काढता जगन्नाथांना मराठीत सांगत गेली, ते पलीकडच्या गाईखालून ऐकत गेले.

त्रेचाळीस सालची गोष्ट. हॉलंडवर जर्मनांचा कब्जा होता. ज्यू माणसांना घराघरातून उचलून आगगाडीत घालून नेत होते, आणि नेलेलं कुणी परत येत नव्हतं. ग्रीत सोळा वर्षांची होती. तिच्या वडिलांनी एका संध्याकाळी शहरातून एक बाई आणि तिची मुलगी आणली. बाईला त्यांनी गोठ्यामागं गवताच्या गंजीत पोकळी करून लपवलं. मुलगी लेआ. तिला कायम लपवलं असतं तर उजेडावाचून मेली असती. म्हणून सांगायचं ठरलं की ही भाची, हिची आई आजारी आहे. पण शेतकऱ्याची भाची आणि हाताला घट्टा नाही, धार काढता येत नाही, असं कसं चालेल? आणि गावात बातमी पसरायला तीन दिवस पुरे होते.

"तीन दिवसांत शिकली. रडत रडत. रात्री तिच्या बोटांना मी मलम लावायचे."

पुढच्या फेब्रुवारीत तपासणी झाली. दोन जर्मन सैनिक आणि त्यांच्याच गावचा एक पोलीस. सकाळची धार चालू होती. ग्रीत एका गाईखाली, शेजारी लेआ. एक सैनिक येऊन लेआच्या पाठीमागं उभा राहिला. काळे केस रुमालाखाली होते, तोंड गाईच्या कुशीत. सैनिक बोलत नव्हता, नुसता तिच्या हातांकडं बघत होता.

"मी माझी धार थांबवली," ग्रीत म्हणाली. "मी सोळा वर्षांची घोडी, माझे हात थांबले. तिचे थांबले नाहीत. एक, दोन, एक, दोन. मग त्यानं त्याचा डबा पुढं केला. तिनं वर न बघता बादलीतलं दूध त्याला ओतून दिलं. तो प्यायला. म्हणाला, माझी बहीण पण अशीच काढते. आणि गेला."

पलीकडच्या गाईखालची धार थांबली होती. जगन्नाथ गाईच्या पोटाखालून या बाजूला बघत होते.

"आन् तुमचं वडील?" त्यांनी विचारलं, कांचननं विचारून दिलं.

"चव्वेचाळीसच्या जूनमध्ये कुणीतरी त्यांचं नाव लिहून दिलं. लपलेल्या माणसांसाठी जमवलेली रेशनकार्डं त्यांच्या बुटात सापडली. त्यांना नेलं. दुसरं कुणी सापडलं नाही, आणि त्यांनी सांगितलंही नाही. डिसेंबरात छावणीतच वारले." ग्रीतनं गाईच्या पाठीवरचं गवत काढून टाकलं. "त्यांना नेलं त्या संध्याकाळी आईनं लेआला नेहमीच्याच खुर्चीवर बसवलं आणि तिच्या आईसाठी वाडगा भरून मला गंजीकडं पाठवलं. मी म्हटलं, आई, आता तरी त्यांना दुसरीकडं पाठवू. आईनं माझ्या तोंडात मारली. आयुष्यात एकदाच."

बाहेर ऊन उतरत होतं. नवव्या गाईवर असताना दारात सावली पडली. शैलेंद्र. सिग्नल बंद म्हणून रस्ते तुंबलेले, गाडी मधेच टाकून तो चार मैल चालत आला होता. घरात कुणी नाही म्हणून घाबरून इकडं आलेला. शर्ट घामानं चिकटलेला, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. त्यानं बघितलं: बाप उघड्या अंगानं गाईखाली, पाठीवर वाळलेलं शेण. बायको दुसऱ्या गाईखाली, केस सुटलेले. आणि ओरडणाऱ्या सात गाई.

जगन्नाथ त्याच्याकडं बघून म्हणाले, "ती कडची तटतटलीय. तिला आधी घे."

शैलेंद्र क्षणभर उभा राहिला. मग त्यानं ओळखपत्र खांबाच्या खिळ्याला अडकवलं, बाह्या दुमडल्या आणि बादली घेतली. वीस वर्षांत त्यानं सड धरला नव्हता. पहिल्या चार धारा मांडीवर गेल्या. पाचवी बादलीत वाजली.

उजेड जायच्या आत सोळा गाई झाल्या. दूध गार करायची टाकी बंद, दूध न्यायची गाडी येणार नाही. वासरांना पोटभर पाजलं, घरी न्यायला दोन भांडी भरली, आणि उरलेलं नालीत ओतावं लागलं. जगन्नाथांनी ते बघितलं नाही. ते तेवढ्या वेळ बाहेर जाऊन उभे राहिले.

सकाळी पुन्हा तेच. पण तहान मोठी होती. एक गाय दिवसाला शंभर लिटर पाणी पिते आणि विहिरीचा पंप विजेवरचा. गोठ्यामागं जुना हातपंप होता, ग्रीतच्या नवऱ्यानं कधीकाळी बसवलेला. शैलेंद्रनं तो उघडून बघितला, वायसर कडक झालेला. त्यानं ऑफिसच्या बॅगेचा चामडी पट्टा कापून नवा वायसर बनवला, वरून पाणी ओतलं, आणि पंधरा-वीस हिसक्यांनंतर पंपानं आधी गंज ओकला, मग गार, स्वच्छ पाणी.

कॉलनीत हे कसं कळलं कुणास ठाऊक. नऊ वाजेपर्यंत कुंपणाशी माणसं उभी राहिली. हातात डबे, दुधाच्या रिकाम्या बाटल्या, मुलांच्या खेळण्यातल्या बादल्या. कुणी आत यायला धजत नव्हतं. सगळ्यांत पुढं ब्रायन होता. लाल झालेला, दोन्ही हातांत प्लास्टिकचे कॅन.

ग्रीतनं सगळ्यांकडं बघितलं. तिच्याकडंही कागद आलाच होता. एक्केचाळीस सह्या, सतरावी कुणाची हेही तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हे कांचनच्या त्या क्षणी लक्षात आलं आणि तिच्या कानशिलात आग झाली.

ग्रीतनं फाटक उघडलं. "आधी गाई," ती म्हणाली. "मग तुम्ही. आणि दांडा हळू मारा, तो माझ्याएवढा म्हातारा आहे."

मग दुपारपर्यंत रांग. ब्रायननं स्वतःचे कॅन बाजूला ठेवून तासभर गाईंसाठी दांडा मारला. हाताला फोड आले तरी सोडेना. कांचन ग्रीतजवळ बसली होती. तिनं हळू आवाजात विचारलं, "मावशी, राग नाही येत?"

"येतो. का नाही येणार?" ग्रीत पंपाकडं बघत राहिली. "ज्यानं वडिलांचं नाव लिहून दिलं, त्याची पोरं त्या हिवाळ्यात आमच्या दारात दूध मागायला आली. आईनं दिलं. मग तो स्वतः आला. त्याला नाही दिलं. दार लावून घेतलं. साठ वर्षं झाली, आई बरोबर होती की नाही ते मी ठरवू शकले नाही. पण हे पाणी आहे. पाण्याला एवढा विचार कशाला?"

शैलेंद्र कॅन उचलून देत होता. त्याचं काम संपल्यावर तो ग्रीतपुढं येऊन उभा राहिला. बरंच काही बोलायचं ठरवून आला होता, पण तोंडातून एवढंच आलं, "ती सही. मी कॅन्सल करतो."

"कर," ग्रीत म्हणाली. "पण आधी तो पंप घट्ट बसव. गळतोय."

दुसऱ्या दिवशी वीज आली. अर्ज मात्र तसाच होता. तो एकदा गावच्या ऑफिसात गेला होता, सुनावणीची तारीख सप्टेंबरच्या मध्यात पडली होती. शैलेंद्रसकट अकराजणांनी सह्या मागं घेतल्या, तीस उरल्या. ब्रायननं मागं घेतली नव्हती. तो म्हणाला, बाईचे उपकार आहेत, पण वासही आहेच.

कांचन ग्रीतला म्हणाली, "मावशी, तिथं तुमच्या वडिलांची गोष्ट सांगा. सगळे गप्प होतील."

ग्रीत इतकी चिडलेली तिनं कधी बघितली नव्हती. "माझा बाप उकिरड्यासाठी विकू? इतक्या वर्षांत मी इथल्या कुणाला सांगितलं नाही. तुला सांगितलं कारण तू धार काढत होतीस."

कांचन घरी येऊन रडली. मग तिनं जगन्नाथांना विचारलं, "लेआ क्लीव्हलंडला राहतात. दर रविवारी मावशींना त्यांचा फोन येतो, नंबर गोठ्यातल्या भिंतीवर लिहिलेला आहे. त्यांना कळवू का? मावशींना कळलं तर मला उभं करणार नाहीत."

जगन्नाथांनी बराच विचार केला. "बाप गीताबाईचा," ते म्हणाले. "पर जीव त्या पोरीचा वाचला न्हवं? मग गोष्ट तिचीबी हाय. तू नुसतं कळव. बोलायचं का न्हाई ते तिचं ती बघंल."

सुनावणीला लेआ आली. अडुसष्ट वर्षांची, बुटकी, जाड भिंगाचा चष्मा, तीन तास गाडी चालवत आलेली. तिला दारात बघून ग्रीतनं आधी कांचनकडं असं बघितलं की कांचन जगन्नाथांच्या मागं सरकली. मग ती उठली, आणि त्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींना इतका वेळ धरून ठेवलं की अध्यक्षाला कागद चाळत बसावं लागलं.

आधी शैलेंद्र बोलला. ऑफिसात पन्नास माणसांपुढं बोलणारा पोरगा तिथं अडखळला. तो म्हणाला, मी सही केली तेव्हा माझ्या घरचा गोठा कसला होता हे विसरलो होतो. माझं नाव काढा. आणि बसला.

मग लेआ उठली. तिनं माइक तिच्या उंचीला खाली ओढला.

"मी वासाबद्दल बोलायला आले आहे," ती म्हणाली. "मी त्या वासात बावीस महिने काढले. या ग्रीतच्या वडिलांनी माझ्या आईला गवताच्या गंजीत लपवलं होतं. तपासणीला कुत्री येतात हे त्यांना कळलं, तेव्हा त्यांनी आणि ग्रीतनं तीन दिवस राबून सगळा उकिरडा उचलून त्या गंजीच्या भिंतीला लावला. कुत्री आली. दोनदा आली. उकिरड्यापाशी शिंकली आणि परत गेली. आत माझी आई तोंडावर रुमाल धरून बसली होती. ती नंतर एकतीस वर्षं जगली. मरेपर्यंत ती म्हणायची, जगात याच्याइतका चांगला वास नाही." ती थोडी थांबली. "तुम्हाला तो आवडावा असं माझं म्हणणं नाही. मला स्वतःला आवडत नाही. एवढंच, की त्याला धोका म्हणू नका."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक खुर्ची करकरली. ब्रायन जमिनीकडं बघत होता.

निकाल त्यांच्या रीतीप्रमाणं मधला लागला. गोठा राहील, मात्र उकिरडा कुंपणापासून दोनशे फूट आत हलवायचा. शहात्तर वर्षांच्या बाईनं कसा हलवायचा, हे कुणी विचारलं नाही. पण पुढच्या शनिवारी सकाळी शैलेंद्र फावडं घेऊन गेला, आणि अर्ध्या तासानं ब्रायन त्याच्या मेहुण्याचा छोटा ट्रॅक्टर घेऊन आला. चार शनिवार लागले. पहिल्या दिवशी ब्रायन दोनदा ओकला. जगन्नाथांनी त्याच्या नाकाखाली कांद्याची फोड धरली, दाताळं कसं धरायचं ते दाखवलं आणि त्याला 'बिर्या' म्हणायला लागले. ग्रीत आठ दिवस कांचनशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिनं तिला नवे रबरी बूट आणून दिले, बरोबर मापाचे.

ऑक्टोबरच्या शेवटी जगन्नाथांची परत जायची वेळ आली. मका कापून झाला होता, पहाटे गवतावर दव गोठायला लागलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळची कामं उरकून तिघं गोठ्याच्या पायरीवर कॉफी घेत बसली होती. गाई आत रवंथ करत होत्या.

"आबा म्हणतायत," कांचननं ग्रीतला सांगितलं, "एक विचारायचं राहून गेलं. तुमच्या वडिलांनी एवढं का केलं? मरण समोर दिसत असताना. फार देवभोळे होते का?"

ग्रीतला हसू आलं. "छे! चर्चमध्ये झोपायचे. बाबा त्या दिवशी वासरू विकायला शहरात गेले होते. बाजारात ओळखीचा एक मास्तर भेटला. त्यानं विचारलं, दोन रात्रींसाठी एक बाई आणि मुलगी ठेवाल का? बाबा म्हणाले, दोन रात्री ना? ठेवतो. मग तिसऱ्या रात्री न्यायला कुणी आलंच नाही. तो मास्तर पकडला गेला होता." तिनं कपातला गाळ गवतावर फेकला. "बावीस महिने ठेवता का असं विचारलं असतं तर बाबा नाहीच म्हणाले असते. कुणीही म्हणेल. त्यांनी फक्त दोन रात्रींना हो म्हटलं होतं. मग रोज सकाळी उठून एक रात्र आणखी."

कांचननं ते मराठीत सांगितलं. 

 जगन्नाथांनी मान हलवली, एखाद्या जाणत्या शेतकऱ्याची गोष्ट पटल्यावर हलवावी तशी.

"बरूबर हाय," ते म्हणाले. "धार बी रोजची रोजच काढाय लागती."

कांचन ते सांगायला वळली, पण ग्रीतनं हातानं तिला थांबवलं. तिला समजलं होतं, की समजून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. तिनं आपली वाकडी बोटं जगन्नाथांच्या मनगटावर ठेवली आणि ती तिघं तशीच बसून राहिली, आतून एका गाईनं हाक मारीपर्यंत.